ताणा संपेपर्यंत

रविवारी संध्याकाळी सोलापुरातून पुण्याला जाणाऱ्या कुठल्याही गाडीत जागा मिळत नाही. शेंगाचटणीचे डबे आणि कडक भाकऱ्यांचे गठ्ठे घेऊन गावची सगळी तरणी पोरं नोकरीच्या गावी परत निघालेली असतात. मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी उलट्या दिशेच्या गाडीत बसले, आणि ती निम्मी रिकामी होती.

बदली मी स्वतः मागून घेतली होती. पुण्याच्या कार्यालयात साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, लोक सोलापुरातून सुटायला वशिले लावतात आणि तुम्ही तिकडे निघालात?" म्हटलं, माझे वडील तिथे एकटे आहेत. "मग त्यांना इकडे आणा की!" जसं काही मला हे सुचलंच नव्हतं. लोकांना वाटतं, म्हातारी माणसं म्हणजे कुंड्या, उचलल्या आणि दुसऱ्या गॅलरीत ठेवल्या.

आबांना मी पुण्याला आणून पाहिलं होतं. नवरा गेल्यावर आणि मुलगी बंगळुरूला लागल्यावर घरात मी एकटीच होते, जागाही होती. आठ-दहा दिवस ते दाराशी खुर्ची टाकून लिफ्टकडे बघत बसले, मग एका सकाळी पिशवी भरून तयार. "हितं कुनी कुनाला वळखत न्हाय," म्हणाले. "मी मेलो तर लिफ्टवालाच सांगंल तुला." मी त्यांना परत सोडून आले.

तर आबा सोलापुरात, गिरणीच्या चाळीतल्या त्याच एका खोलीत, जिथे माझा जन्म झाला. गिरणी कधीच बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, पत्रे गेले, दारं-खिडक्यासुद्धा गेल्या. धुराडं तेवढं उभं आहे, कारण ते पाडायला खर्च येतो. चाळीत आता चार-पाच बिऱ्हाडं उरली होती. बाकीच्या खोल्यांना कुलपं, आणि काही खोल्यांना कुलूप लावायला दारही नाही. महापालिकेनं भिंतीवर धोकादायक इमारत म्हणून नोटीस डकवली होती. आबांनी तिच्यावरच खिळा मारून सदरा टांगला होता.

मी ठरवलं, याच गावात घर घ्यायचं, आबांना त्यात न्यायचं, आणि त्यांचं जे काही उरलंय ते पक्क्या छपराखाली जाऊ द्यायचं. भाड्याचं नको. आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर कधी भिंत नव्हती. आबांनी सारा जन्म गिरणीच्या खोलीत काढला, आजोबांनी गावाबाहेरच्या वस्तीत. मला आबांना त्यांच्या स्वतःच्या दारात बसलेलं बघायचं होतं. एवढी एकच हौस, पण ती फार होती.

घरं बघायला लागले तेव्हा कळलं, की या गावात घरं विकायला काढणारे खूप आणि घेणारे मोजके. पूर्व भागातल्या, विणकरांच्या गल्ल्यांतून फिरले. एकेकाळी या गल्ल्यांमध्ये दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, एवढा मागांचा खडखडाट. आता कुत्रं भुंकलं तरी टोकापर्यंत ऐकू येतं. दर दोन-तीन घरांमागे एकाला कुलूप. पोरं हैदराबादला, पुण्याला, आणखी कुठे कुठे.

त्यातलंच एक घर मला आवडलं. खाली कारखाना, म्हणजे दोन मागांची लांबट खोली, मागे अंगण आणि पाण्याचा हौद, वर दोन खोल्या. मालक सत्तरीच्या पुढचे विणकर, घरात तेलुगू बोलणारे. ते आणि त्यांची बायको, दोघंच. मी त्यांना मामा म्हणायला लागले, आणि बायकोला अक्का. मामांच्या छातीत आयुष्यभराचा कापूस बसलेला. चार पावलं चालले की धाप लागायची, मग भिंतीला हात टेकून उभे राहायचे. मुलगा हैदराबादला बोलावत होता म्हणून घर विकायला काढलेलं. दोन मागांपैकी एक गंजलेला, दुसऱ्यावर टॉवेल चालू होते.

एजंटनं तिथेच, मामांच्या समोर, मला विचारलं, "मॅडम, आडनाव काय म्हणालात?" मी काहीच म्हणाले नव्हते. सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "तसं काही नाही हं, आपलं सहज विचारलं."

"सहज विचारलं म्हणून सहज सांगितलं," मी म्हटलं. "आडनाव ऐकून भिंतीला तडा जाणार असेल तर आत्ताच बघून घ्या."

एजंट कसंनुसं हसला. मामा खाली मान घालून माग पुसत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. मागावर जन्म काढलेल्या माणसाचे कान अर्धे गेलेलेच असतात.

व्यवहार झाला. नोंदणी करून बाहेर पडलो तेव्हा मामा पायरीवर बसले आणि म्हणाले, "ताई, घर तुमचं झालं. पण एक हाय. मागावर ताणा चढवलाय. चढवलेला ताणा अर्ध्यात कापायचा नसतो. माझ्या बापानं कापला न्हाई, मी पन कापत न्हाई. तेवढा संपू द्या, मग माग उचलतो, मग जातो."

ताणा म्हणजे मागावर गुंडाळलेलं उभं सूत. ते संपेपर्यंत त्यातून टॉवेल निघत राहतात. मी विचारलं, किती दिवस लागतील? तर म्हणाले, लाईट किती राहते आणि मला दम किती राहतो त्यावर हाय. मला राग आला. सगळे पैसे दिले आणि वर दुसऱ्याचा माग सांभाळा! पण मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मनातून मला ते बरंच वाटलं होतं. आबांना मागाचा आवाज आवडतो, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या समजुतीला कारण होतं. मी लहान असताना आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून बाजाराला न्यायचे, तेव्हा या गल्ल्यांच्या तोंडाशी हमखास थांबायचे. एक पाय जमिनीला टेकवून नुसते ऐकत राहायचे. मी म्हणायचे, चला की आबा. ते म्हणायचे, थांब की जरा. मला वाटायचं, गाणं ऐकावं तसं ऐकताहेत. मागाचं घर बघून आबा हरखून जातील, असं धरून मी त्यांना न विचारताच घर घेतलं. अचानक आनंद द्यायचा होता ना! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

पेढे घेऊन चाळीत गेले. म्हटलं, आबा, घर झालं आपलं. आपल्या मालकीचं. त्यांनी पेढा हातात घेतला. कुठं, म्हणाले. मी गल्ली सांगितली, अंगण सांगितलं, हौद सांगितला. आणि खाली अजून माग चालू आहे, असं मोठ्या कौतुकानं सांगितलं.

आबांनी पेढा परत खोक्यात ठेवला. "मागाच्या घरात मी येनार न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाय. तू ऱ्हा तितं. मी हितं बरा हाय."

मी कडाडलेच. इतक्या वर्षांची नोकरी, बदली, वणवण, सगळं बाहेर काढलं. "छत डोक्यात पडल्यावर येणार आहात का? का मी ते सुद्धा बघायचं?" आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मीही चहा न करता निघून आले. बापलेकीत आडमुठेपणा रक्तातूनच आलेला, कुणी कुणाला बोल लावायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा त्यांनीच चहा टाकलेला होता. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून ते बोलायला लागले. जे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं, ते.

आबा गिरणीत रिंगखात्यात होते, जिथे सूत कातलं जातं. त्या सुताचं कापड व्हायचं ते पलीकडच्या मागखात्यात. तिथे पगार जास्त, मान जास्त. आबांना माग चालवायचा होता. हात चांगला होता, नजर चांगली होती. पण आपल्या लोकांना मागखात्यात घेत नसत. कागदावर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि कायदा तर कधीच बदललेला. तरी घेत नसत. कारण होतं धोटा.

धोटा म्हणजे लाकडाची होडीसारखी वस्तू, जी मागावर इकडून तिकडे पळत आडवं सूत टाकते. तिच्या पोटात सुताची कांडी बसवतात. कांडीचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं, तर त्या भोकाला तोंड लावून जोरात श्वास आत ओढायचा. सूत ओठांत येतं. कांडी संपली की पुन्हा तेच. एका पाळीचा माणूस गेला की दुसऱ्या पाळीचा माणूस त्याच धोट्याला तोंड लावणार.

"जॉबरकडं, मानसं भरनाऱ्या मुकादमाकडं, गेलतो मी," आबा म्हणाले. "तो म्हनला, अरं, तू चालवशील रं माग. पर तुज्या मागनं त्या धोट्याला त्वांड कोन लावंल?"

आबा इतकं साध्या आवाजात म्हणाले, की मला क्षणभर कळलंच नाही काय ऐकलं ते.

"आमी कातल्यालं सूत चालायचं. आमच्या हाताचं सगळं चालायचं. तोंडाचं न्हाय." मग बशीकडे बघत म्हणाले, "त्या घरात रोज त्यो आवाज ऐकत बसू का मी?"

मला सायकलची दांडी आठवली. एक पाय टेकवून उभे राहिलेले आबा आठवले. ते गाणं नव्हतंच. मी बशी उचलून त्यांच्या हातात दिली, तेवढंच सुचलं.

त्यानंतर त्यांच्यापुढे घराचं नाव काढायची मला हिंमत होईना. मामांना म्हणावं, उद्याच माग उचला, तर मी शब्द देऊन बसले होते. आणि माग उचलून तरी काय होणार होतं? ती खोली मागाचीच राहणार. मी वरच्या एका खोलीत सामान आणून टाकलं आणि दिवसभर खालचा खडखडाट ऐकत राहिले. तो आवाज आता मलाही सोसवेना. मामा-अक्कांशी तुटकपणे वागायला लागले. एजंटनं विचारलेलं मामांना ऐकू गेलं असेल का, हे मनात किड्यासारखं वळवळायचं. अक्का ताटलीत काहीबाही आणून द्यायची, ते मी घ्यायचे, आणि माझ्या घरात येऊन गेलेली ताटली ती परत घेईल का, असा विचार करत बसायचे. पूर्वी असलं माझ्या मनातही यायचं नाही.

मग चाळीत आबांच्या शेजारच्या रिकाम्या खोलीचं छत कोसळलं. कुणाला लागलं नाही. मी पोचले तेव्हा आबा दारात उभे होते, पांढऱ्या धुळीनं माखलेले. मी रिक्षा थांबवली. म्हटलं, "राहायला चला म्हणत नाही. आज आपल्या गल्लीला पाणी येणार आहे, मला एकटीला हौद भरायला जमणार नाही. तेवढ्यापुरते चला."

सोलापूरच्या माणसाला पाण्याचं कारण सांगितलं की तो नाही म्हणत नाही. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, ते सोडून रागावत कोण बसणार? आबा रिक्षात बसले.

पण घरी आल्यावर अक्कानं त्यांना बादलीला हात लावू दिला नाही. "तुमी बसा हो," म्हणून कारखान्यात खुर्ची दिली, कारण अंगणात नुसतं ऊन होतं. आबा मागापासून लांब, दाराच्या अगदी जवळ बसले, उठून जायला सोपं पडेल असे. मामा मागावर होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. मी आणि अक्का अंगणात. हौद भरत आला होता, पण वर चढायला पाण्याला जोर नव्हता. एकीनं नळी धरायची आणि दुसरीनं बादल्या वर न्यायच्या, असं चाललं होतं.

आतला आवाज थांबला. कांडी संपली होती. मामांनी तेलुगूत अक्काला हाक मारली. धोटा ओढायचं काम आता तीच करायची, मामांना तेवढा श्वास कुठला! अक्का नळी धरूनच ओरडली, की पाणी जाईल, थांबा. मामांनी स्वतःच प्रयत्न केला असावा, कारण खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली. मी बादली ठेवून दाराशी धावले, अक्काही नळी हौदात टाकून माझ्यामागे आली.

मामा मागाला धरून वाकले होते. जरा सावरले. मग भिंतीला हात टेकत दाराशी आले आणि हातातला धोटा आबांपुढे केला.

"ओढा की जरा."

आबांनी हात पुढे केला नाही. वाटलं, आता उठतील आणि निघून जातील, आणि पुन्हा कधीही येणार नाहीत.

"मी कोन हाय, म्हाईत हाय न्हवं तुमाला?" आबा म्हणाले.

"माहीत हाय की. ताईचे वडील."

"त्ये न्हवं. मी गिरनीत व्हतो. रिंगखात्यात. तितनं म्होरं येऊ दिलं न्हाय आमाला."

मामांची धाप चालूच होती. तसेच म्हणाले, "माझा बाप त्याच गिरणीत मागखात्यात व्हता. माहीत हाय मला सगळं." आणखी काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण जमलं नाही, किंवा दम पुरला नाही. धोटा मात्र त्यांनी मागे घेतला नाही. "ओढा. माग थांबलाय."

आबांनी धोटा दोन्ही हातांनी घेतला, उलटासुलटा करून बघितला. मग तोंडाला लावला. पहिल्यांदा काहीच आलं नाही. मामा म्हणाले, "ओठ घट्ट धरा." आबांनी डोळे मिटले आणि ओढलं, आणि सुताचं टोक सर्रकन त्यांच्या ओठांत आलं. मामांनी धोटा घेऊन मागात बसवला आणि माग सुरू केला. आबांच्या ओठाला कापसाचं एक बारीक कुसळ चिकटलेलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

खरं तर मी तिथेच सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण मी हलले नाही, कारण मला पुढचं दिसत होतं. त्या मागाला धोटा एकच उरला होता. दुसरा मोडला, आणि नवा आता कशाला आणायचा म्हणून आणला नव्हता. म्हणजे आता कांडी संपली की तोच धोटा पुन्हा भरायचा. आणि तो ओढणार अक्का.

तिनं सगळं बघितलं होतं, सगळं ऐकलं होतं. माझ्या खांद्याशी उभी होती.

माग थांबला. अक्का पुढे झाली. ओले हात तिनं पदराला पुसले. आता धोटाही त्याच पदरानं पुसून घेते का, म्हणून मी तिच्या पदराकडेच बघत होते. आबाही त्या पदराकडेच बघत होते. जॉबरनं विचारलेला प्रश्न इतक्या वर्षांनी त्या खोलीत येऊन उभा राहिला होता.

अक्कानं धोटा उचलला. रिकामी कांडी काढली, भरलेली बसवली. आणि पदर खालीच सोडून धोटा तसाच तोंडाला लावला, सूत ओढलं, धोटा मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, हौद वाहालाय की!"

मी अंगणात पळाले. नळी धरली आणि रडले, पाण्याच्या आवाजात.

परत जाताना रिक्षात आबा बराच वेळ बाहेर बघत होते. गल्ली गेली, गिरणीचं धुराडं दिसायला लागलं. मग जिभेवर राहिलेला कापूस त्यांनी बोटानं काढला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "येवढंच व्हतं व्हय गं ते?"



"नुसता वारा वडायचा," आबा म्हणाले. "येवढ्यासाटी आख्खा जलम." मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

चाळीच्या वळणावर त्यांनी रिक्षावाल्याला थांबवलं. उतरून माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोलीतलं सामान बांदाय घे. पर खाट वर टाकू नगं. ताणा संपून माग उठला, की त्या जागंवर टाक."